अडतिसाव्या पानावर मेलेला ड्रायव्हर

बाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात रहस्यसम्राटांनी आपली तेविसावी कादंबरी प्रकाशकांच्या टेबलावर आणून आपटली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

बाई प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक होत्या. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची कच्ची पानं वाचायची, चुका हेरायच्या आणि समासात पेन्सिलीने खुणा करायच्या, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षं त्या एकाच खिडकीशी, एकाच खुर्चीवर बसल्या. मालकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. त्यांना नावही आहे हे पगाराच्या कागदापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

नेमणूक होती ऱ्हस्वदीर्घ बघायला. पण रहस्यसम्राटांची पहिली कादंबरी हाती आली आणि बाईंच्या लक्षात आलं, की या गृहस्थांच्या वेलांट्या धड आहेत. माणसं धड नाहीत. पहिल्या प्रकरणातली विधवा सातव्या प्रकरणात नवऱ्याला आणायला स्टेशनवर जायची. खुन्याची गाडी घरून हिरवी निघायची आणि बंगल्यावर पांढरी पोचायची. एकाच आठवड्यात दोनदा पौर्णिमा. बाई समासात बारीक अक्षरात लिहायच्या, ‘यांचे यजमान पान १४ वर वारले आहेत. कळावे.’

रहस्यसम्राट भडकायचे. “मालक, तुमच्या बाई अनुस्वार तपासतात की माझ्या पात्रांच्या घरगुती चौकशा करतात?” असं ओरडायचे, आणि मग गुपचूप दुरुस्ती करून द्यायचे. बावीसच्या बावीस पुस्तकं अशीच निघाली. ‘काय घट्ट वीण आहे! सुई शिरायला जागा नाही!’ असं वाचक म्हणायचे. बाई ते वाचायच्या, चष्मा पुसायच्या आणि पुढचं पान घ्यायच्या.

निरोपसमारंभाला रहस्यसम्राट स्वतः आले. दोन शब्द बोलले. “या बाईंनी माझे असंख्य अनुस्वार वाचवले,” असं म्हणून त्यांनी हात जोडले. टाळ्या झाल्या. बाईसुद्धा हसल्या. घरी आल्यावर मात्र नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, सत्तावीस वर्षं मी त्याची मेलेली माणसं मेलेली ठेवली. आणि याला दिसले काय, तर अनुस्वार!”

नवरा घड्याळजी. घराच्या रस्त्याकडच्या खोलीतच त्यांचं दुकान. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालत होते. “जाऊ दे गं,” ते म्हणाले. “घड्याळ बरोबर चाललं की कुणी घड्याळजीला विचारत नाही.”

बाईंच्या जागी संस्थेने एक संगणकातली प्रणाली बसवली. चुकलेल्या शब्दाखाली ती लाल रेघ मारायची. कोण मेलं, कोण जगलं, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

चार महिन्यांनी ‘लिफ्टमधला सातवा माणूस’ बाजारात आली. बाईंना भेट प्रत आली नाही. त्या स्वतः दुकानात जाऊन घेऊन आल्या. या खेपेला हातात पेन्सिल धरायची नाही, चारचौघांसारखं उशीला टेकून वाचायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सदतिसाव्या पानापर्यंत ते जमलं. अडतिसाव्या पानावर शेठजींच्या ड्रायव्हरचा खून झाला. एकेचाळिसाव्या पानावर शवविच्छेदन झालं, त्रेचाळिसाव्यावर त्याची बायको धाय मोकलून रडली. बाईंनाही जरा गलबलून आलं. आणि दोनशे बाराव्या पानावर तोच ड्रायव्हर, त्याच निळ्या गणवेशात, बंगल्याच्या दारात गाडी घेऊन आला आणि अदबीने दार उघडून उभा राहिला.

बाई ताडकन उठून बसल्या. “अहो, हा मेला होता ना?”

“कोण?” दुकानातून आवाज आला.

मग बाईंनी पेन्सिल घेतलीच. शेठजींची धाकटी सून चौदा महिने गरोदर होती. इन्स्पेक्टर सोमवारी जेवायला बसला आणि हात धुऊन उठला तेव्हा गुरुवार होता. डावखुऱ्या डॉक्टरांनी उजव्या हाताने सही केली, आणि नेमक्या त्या सहीवरून खुनी पकडला गेला. सगळ्या मिळून एकेचाळीस चुका भरल्या. बाईंना एकीकडे वाईट वाटत होतं, दुसरीकडे, खोटं कशाला सांगा, गुदगुल्या होत होत्या. आता कळेल म्हणावं, बाई काय करायच्या ते!

घड्याळजींनीही पुस्तक वाचलं. त्यांना ड्रायव्हरचं काहीच वाटलं नाही. त्यांचं डोकं फिरलं ते शहाण्णवाव्या पानावर. पुढे शेठजींचाही खून झाला होता. त्यांच्या हातातलं घड्याळ नाडी बंद पडताच बंद पडलं, त्यावरून इन्स्पेक्टरने खुनाची वेळ काढली होती. “नाडीवर चालणारं घड्याळ अजून निघायचंय!” घड्याळजी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले. “हात थांबला तरी आतली चावी पुढे दीड दिवस चालते. शेठजी मेले शनिवारी, घड्याळ थांबणार सोमवारी. अख्खा तपास चुलीत!” बेचाळिसावी चूक म्हणून बाईंनी ती नोंदवली नाही. त्यांच्या मते तो विज्ञानाचा प्रश्न होता, मुद्रणाचा नाही.

बाईंची अपेक्षा होती की आता चहूकडून हसं होईल. झालं भलतंच.

त्यांच्या घरासमोर औषधाचं दुकान होतं. दुकानाचे मालक गावातल्या वाचक मंडळाचे अध्यक्ष. खोकल्याचं औषध आणायला बाई तिथे गेल्या, तर काउंटरवर रांग तुंबलेली आणि अध्यक्ष बाटली हातात धरून भाषण देताहेत.

“ड्रायव्हर मेलाच नव्हता! शवविच्छेदन कुणी केलं? डॉक्टरांनी. सही कुठल्या हाताने केली? उजव्या! म्हणजे तो डॉक्टर खरा नव्हता! आलं लक्षात?”

“मग बायको रडली ती?” रांगेतल्या एकाने विचारलं.

“तिलाही सामील करून घेतलं होतं! मी चार वेळा वाचलंय. अहो, हा माणूस एक शब्द उगाच लिहीत नाही!”

“मला वाटतं त्याला जुळा भाऊ असावा,” दुसरा म्हणाला.

“जुळा भाऊ म्हणजे अगदीच पोरकट,” अध्यक्ष म्हणाले, आणि बाईंच्या हातात पोटदुखीचं औषध ठेवून मोकळे झाले.

मंडळात दोन तट पडले. एक ‘मेला’ गट, एक ‘जिवंत’ गट. जिवंत गटाची सभा शनिवारी, मेला गटाची रविवारी. दातांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई तर तिसरंच बोलत होत्या. बाई तोंड उघडून खुर्चीत पडलेल्या असताना त्यांनी दात कोरता कोरता समजावून सांगितलं, की लेखकाने काळाची सरळ रेष मोडली आहे. सून चौदा महिने गरोदर आहे याचा अर्थ या घरात भविष्य जन्मालाच येत नाही. “किती सुंदर ना?” त्यांनी विचारलं. बाईंच्या तोंडात कापूस होता. त्या ‘अं’ म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी ते होकारार्थी घेतलं.

आणि कहर केला तो रविवारच्या पुरवणीने. ज्या समीक्षकांनी वीस वर्षांत रहस्यसम्राटांचं नाव घेताना नाक मुरडलं होतं, त्यांनी अर्धं पान लिहिलं. इतके दिवस हे लेखक नुसत्या गोष्टी सांगत होते, त्यांच्या पुस्तकांत सगळं जुळून यायचं, आणि तोच त्यांचा दोष होता. आता कुठे ते साहित्याच्या उंबरठ्यावर आले आहेत, असं त्यात होतं.

बाईंनी पुरवणीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. “म्हणजे इतकी वर्षं त्यांना उंबरठ्याबाहेर मीच रोखून धरलं होतं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. घड्याळजी उठून आत गेले. त्यांनी चहा टाकला.

मंडळात एकच व्यक्ती अशी होती जिला पुस्तक मुळीच आवडलं नव्हतं. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या म्हणत, “माणूस थकलाय. निष्काळजीपणा आहे निव्वळ. माझ्या शाळेत असता तर वही फाडून पुन्हा लिहायला लावली असती.” पण मुख्याध्यापिका हयातभर सगळ्यांनाच नापास करत आल्या होत्या, त्यामुळे त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी बाईंनी एकेचाळीस चुकांची यादी स्वच्छ अक्षरात उतरवली, पानांचे आकडे घातले आणि त्या संस्थेत गेल्या. त्यांच्या खुर्चीच्या जागी आता छपाईचं यंत्र बसवलेलं होतं. मालकांच्या टेबलावर पत्रांचे दोन ढीग होते.

“हे शिव्यांचे, हे ओव्यांचे,” मालक घाम पुसत म्हणाले. “दोन्ही सारखेच वाढताहेत. शिव्यावाल्यांनीही पुस्तक विकतच घेतलंय, तेव्हा तक्रार नाही. पण रहस्यसम्राट फोन उचलत नाहीत हो. येत्या रविवारी वाचकांची भेट ठरवलीय. लोक त्यांना ड्रायव्हरबद्दल विचारणार. तुम्ही याल का? तुमच्याकडे बघून त्यांना जरा धीर येईल.”

“मला बघून?”

“धीर नाही तर वचक. काहीतरी एक येईलच.”

रविवारी वाचनालयाचं सभागृह खचाखच भरलं. बाई मागच्या खोलीत गेल्या, तर रहस्यसम्राट कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसलेले. हातात पाण्याचा ग्लास.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “तो ड्रायव्हर खरंच मेला होता का हो?”

“अडतिसाव्या पानावर. शवविच्छेदनसुद्धा झालं.”

“अरे देवा!” त्यांनी कपाळावर हात मारला. “मला गाडी आणायला कुणीतरी हवं होतं. हाच डोळ्यांपुढे आला. कुणी काही बोललं नाही, तेव्हा मला वाटलं सगळं ठीक असेल. दरवेळी कुणीतरी म्हणायचं ना.”

“कुणीतरी म्हणजे मी.”

बाईंनी यादी पुढे केली. “जाऊन सरळ सांगा, चुकलं म्हणून. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू. लोक एवढे काही वाईट नसतात.”

रहस्यसम्राटांनी मान हलवली, यादी मात्र बाईंच्याच हातात राहिली. सांगायचंच असं ठरवून ते व्यासपीठावर गेले, याबद्दल बाईंना शेवटपर्यंत शंका नव्हती. पण माइकसमोर उभं राहून त्यांनी समोरच्या चारशे डोक्यांकडे पाहिलं आणि ठरवलेलं वाक्य तिथेच राहिलं.

औषधवाल्या अध्यक्षांनी उठून आवाज चढवला. “एकच प्रश्न! ड्रायव्हर मेला की जिवंत?”

रहस्यसम्राट खाकरले. पाणी प्यायले. रुमाल शोधला. मग काहीच सुचेना म्हणून विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. डॉक्टरीणबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

“हे उत्तर नाही!” मुख्याध्यापिका पहिल्या रांगेतून कडाडल्या. “ही चूक आहे. कबूल करा!”

टाळ्या थांबल्या. बाईंना वाटलं, आता. पण उत्तर अध्यक्षांनीच दिलं. “चूक? मॅडम, बावीस पुस्तकं! बावीस पुस्तकांत या माणसाची एक चूक कुणी काढून दाखवावी! जो बावीस वेळा केसभरही चुकला नाही, तो तेविसाव्या वेळी मेलेल्या माणसाला चुकून गाडी चालवायला लावेल?”

पुन्हा टाळ्या. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंनी यादीची घडी उघडली. त्यांनीच सत्तावीस वर्षं घासूनपुसून लख्ख ठेवलेली ती बावीस पुस्तकं आज साक्षीला उभी राहिली होती, आणि साक्ष त्यांच्याच विरुद्ध देत होती.

मग मात्र त्यांना राहवलं नाही. त्या रांगांमधून पुढे गेल्या. “मी या पुस्तकांची मुद्रितशोधक होते,” त्या म्हणाल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. “बावीस पुस्तकांत अशाच चुका होत्या. त्या मी काढायचे. या पुस्तकाच्या वेळी मी नव्हते. ही घ्या यादी. एकेचाळीस आहेत.”

चारशे माना बाईंकडे वळल्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, “एकेचाळीस? आम्हाला सव्वीसच सापडल्या होत्या!”

“मला बत्तीस!”

“वाचा, वाचा! पान नंबर सांगा!”

लोक वह्या काढून बसले. अध्यक्ष धावत आले आणि दोन्ही हातांनी यादी घेतली. “म्हणजे किल्ली तुमच्याकडे होती तर! मंडळातर्फे प्रती काढू का?” बाई सांगत होत्या, “अहो, या चुका आहेत, चुका!” आणि अध्यक्ष डोळा मिचकावून म्हणत होते, “कळलं, कळलं. तुम्हाला तसंच बोलावं लागणार.” व्यासपीठावरून रहस्यसम्राट बाईंकडे बघत होते. एवढं ओशाळलेलं तोंड त्यांनी आपल्या एकाही खुन्याला दिलेलं बाईंनी वाचलं नव्हतं.

पंधरवड्यात दुसरी आवृत्ती संपून तिसरी निघाली. मालक खुशीत बाईंच्या घरी आले. “बाई, आता एक करायचं. चोविसावं पुस्तक तुम्ही बघायचं. पण उलटं. चुका काढायच्या नाहीत, घालायच्या. पन्नासेक. तुमच्याइतक्या त्यांच्या चुका कोण ओळखतं?”

बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी उठून दार उघडलं आणि उघडंच धरून ठेवलं. मालक शहाणे होते. चप्पल घालून निघाले.

आठवड्याने त्याच दारात रहस्यसम्राट उभे राहिले. दाढी वाढलेली, काखेत कागदांचा गठ्ठा. घड्याळजींनी त्यांना दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं.

“मला ठरवून चुकता येत नाही, बाई,” ते म्हणाले. “मालक म्हणाले आपणच घाला. मी मेलेल्या माणसाला उठवलं, तर तो नाटकात उठल्यासारखा दिसतो. सहज येतच नाही. आणि बरोबर लिहायला गेलो, तर सगळीकडे चुकतंय असंच वाटतं. आठवडाभरात दोनच पानं झालीत, बाकी हा खाडाखोडीचा गठ्ठा.”

“तुम्ही ‘सातवा माणूस’ छापून आल्यावर वाचलीत?”

“नाही.”

“त्याच्या आधीची एखादी?”

रहस्यसम्राट खाली बघत म्हणाले, “एकही नाही. लिहून झालं की मला भीती वाटते. मागे वळून बघितलं आणि आवडलंच नाही तर?”

बाईंनी आतून आपली प्रत आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. “इथेच बसा. वाचा. मोठ्याने.”

तीन दिवस ते रोज सकाळी दहाला येत होते. घड्याळजी भिंग लावून काम करायचे, बाई शेंगा सोलायच्या आणि रहस्यसम्राट वाचायचे. पहिल्या दिवशी अडखळत, दुसऱ्या दिवशी रंगात. त्रेचाळिसाव्या पानावर ड्रायव्हरची बायको रडली तेव्हा त्यांनीच वाचन थांबवून डोळे पुसले. “हे बरं लिहिलंय,” ते दबकत म्हणाले. “बरंच आहे,” बाई म्हणाल्या. शहाण्णवावं पान आलं तेव्हा घड्याळजींनी त्यांना एक घड्याळ उघडून दाखवलं आणि अर्धा तास सोडलं नाही. आणि शेवटची वीस पानं उरली असताना रहस्यसम्राट पुस्तक मिटून ठामपणे म्हणाले, “मला कळलं. खून धाकट्या मुलाने केलाय.”

“डॉक्टरांनी केलाय,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच लिहिलंय.”

“डॉक्टरांनी?” ते चक्क नाराज झाले. “छे! पटत नाही. सुरुवात छान आहे, मधे जरा पाणी घातलंय, आणि शेवट तर अगदीच...” तेवढ्यात आपण कुणाबद्दल बोलतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते मनापासून हसले. बाईही हसल्या. सत्तावीस वर्षांत ते दोघं एका गोष्टीवर हसले, ते पहिल्यांदाच.

मग त्यांनी बसून पुस्तक दुरुस्त केलं. ड्रायव्हर मेलेलाच राहिला. दोनशे बाराव्या पानावर त्याची बायको आली आणि तिने गाडीच्या किल्ल्या शेठजींच्या घरच्यांपुढे टाकल्या. तो प्रसंग रहस्यसम्राटांनी चार वेळा लिहिला. दुरुस्त आवृत्तीच्या दुसऱ्या पानावर बाईंचं पूर्ण नाव छापलं. घड्याळजींनी ते पान भिंगातून पाहिलं.

मंडळाने या आवृत्तीवर बहिष्कार टाकला. ‘आमचा ड्रायव्हर परत द्या’ असं सह्यांचं पत्रक निघालं, आणि त्यावर मेला गटानेही सह्या केल्या. समीक्षकांनी खेद व्यक्त केला, की उंबरठ्यापर्यंत आलेला लेखक परत फिरला. डॉक्टरीणबाईंनी बाईंची दाढ काढताना नेहमीपेक्षा जास्त जोर लावला, असा बाईंचा संशय होता.

ती आवृत्ती ज्यांनी उत्साहाने विकत घेतली, त्यांत एक मुख्याध्यापिका. त्यांचं पत्र आलं. पुस्तक दुरुस्त केल्याबद्दल अभिनंदन, ड्रायव्हरच्या बायकोचा प्रसंग उत्तम. मात्र पान १४४ वर शेठजींच्या बंगल्याला तीन मजले आहेत आणि लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबते, याकडे लक्ष वेधू इच्छिते.

बाईंनी पान उघडलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तीन मजले. लिफ्ट पाचव्यावर. कान लाल झाले. सबंध दुपार त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून तपासलं. संध्याकाळी त्यांनी रहस्यसम्राटांना फोन करून सांगितलं, आणि मग मुख्याध्यापिकांना उत्तर लिहिलं, की चोविसाव्या पुस्तकाचं वाचन मंगळवारी दहाला आमच्या घरी सुरू होतंय, आपण आलात तर बरं होईल.

मंगळवारी मुख्याध्यापिका पावणेदहालाच लाल पेन घेऊन हजर झाल्या. रहस्यसम्राट सव्वादहाला आले. उशीर का झाला, ते त्यांना उभं राहूनच सांगावं लागलं.